घरी भरलेली काडतुसं आणि तीस गोळ्यांची कसोटी

अमेरिकेतल्या कुठल्याही रायफल रेंजवर गेलात की तो फोटो काढणारं कुणी ना कुणी भेटतंच. शंभर यार्डांवरच्या कागदात तीन गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेलेल्या, शेजारी आकार कळावा म्हणून ठेवलेलं नाणं, आणि चेहऱ्यावर ‘लोड सापडला’ असं समाधान. लोड म्हणजे कोणती केस (काडतुसाची पितळी नळी), कोणता प्रायमर (तिच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली), कोणती पावडर किती आणि कोणती गोळी किती खोल बसवायची, याचं ठरलेलं गणित. त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तीन गोळ्यांवरून काडतुसं एकसारखी आहेत की नाहीत हे कळत नाही. ते कळण्यासाठी काय करावं लागतं, हे मी गेल्या हंगामात नीट बसून केलं. त्याबद्दल लिहिते आहे.

मी मूळची खडकीची, आता ओहायोत राहते. नोकरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात. माझी नेमबाजी एफ-क्लासची, म्हणजे लांबच्या लक्ष्यांवर रायफल टेकवून मारण्याची. कॅनडाचे जॉर्ज फार्कहारसन यांनी हा प्रकार सुरू केला आणि त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरून त्याला नाव मिळालं. त्यातल्या एफ-टीआर गटात रायफल दुपायी टेकूवर ठेवून, पोटावर झोपून मारायची असते आणि काडतूस दोनच प्रकारचं चालतं: .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर. माझी .३०८ आहे. हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं. नाटोचं ७.६२×५१ हे त्याचंच लष्करी भावंड. आपल्या लष्कराच्या एसएलआर रायफलीतून वर्षानुवर्षं जी गोळी सुटली, ती याच घराण्यातली.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे घरी काडतुसं भरण्याचा छंद आपल्याकडे जवळजवळ नाहीच. इथे स्वतःच्या वापरासाठी भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. स्पर्धेत उतरणारे बहुतेक लोक स्वतःच भरतात. त्यात पैसे वाचतात हे खरं, पण खरं कारण वेगळं आहे. कारखान्यातलं काडतूस हजारो रायफलींत चाललं पाहिजे, आणि घरी भरलेलं फक्त माझ्या एका रायफलीत चाललं की पुरे.

भरण्याची कृती थोडक्यात अशी. मारून झालेली पितळी केस परत आणायची. जुना प्रायमर काढायचा. उडताना फुगलेली केस डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची. केसचा खांदा, म्हणजे तोंडाकडे ती निमुळती होते तो भाग, दोन हजारांश इंच मागे सरकला की बस्स. लांबी वाढली असेल तर तोंड कापायचं, आतून-बाहेरून धार मोडायची. नवा प्रायमर बसवायचा आणि तो केसच्या बुडापेक्षा किंचित आत गेला आहे याची बोटाने खात्री करायची. पावडर घालायची. मग विजेरीचा झोत टाकून प्रत्येक केसमध्ये डोकावायचं. हे मी कधीही वगळत नाही, कारण रिकामी राहिलेली किंवा जास्त भरलेली एक केस रायफल फोडू शकते. शेवटी गोळी बसवायची. मी १७५ ग्रेनची सिएरा मॅचकिंग वापरते आणि पावडर व्हारगेट. पावडरचा आकडा मुद्दाम लिहीत नाही. तो ज्याने त्याने छापील पुस्तिकेतून घ्यायचा, तिथल्या सुरुवातीच्या वजनापासून चढत जायचं, आणि प्रायमर चपटा दिसायला लागला किंवा बोल्ट उचलायला जड गेला की तिथेच थांबायचं.

सगळं मापन ग्रेनमध्ये चालतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनारकामातली गुंज सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन येतात. आणि आमचे वाद चालतात ०.१ ग्रेनवरून, म्हणजे गुंजेच्या जवळजवळ विसाव्या भागावरून.

हे वाद खरंच पेटतात. पावडर मापाने घालावी की प्रत्येक वेळी काट्यावर तोलावी? केसा वजनाप्रमाणे वेगळ्या कराव्यात का? प्रायमरची खोबण दर वेळी खरवडून काढावी का? माझ्या क्लबात एकेक काडतूस भरायला दहा मिनिटं घेणारी माणसं आहेत, आणि तासाभरात शंभर भरून टाकणारीही आहेत. दोघांच्याही फोटोत तीन गोळ्या एका भोकात असतात. म्हणूनच मला तो फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

तो का चालत नाही, याचं एक कारण भौतिकाचं आहे आणि एक संख्याशास्त्राचं.

भौतिकाचं आधी. काडतुसं एकसारखी नसली तर गोळीचा वेग कमी-जास्त होतो. माझी गोळी सेकंदाला सुमारे २,६०० फुटांनी सुटते. दोन गोळ्यांच्या वेगात १० फुटांचा फरक असेल तर शंभर यार्डांवर त्या दोन भोकांत उभा फरक पडतो दोन-शतांश इंचाच्या आतबाहेर. अर्ध्या मिलिमीटरचा. तो कागदावर दिसणं शक्यच नाही. तोच फरक ६०० यार्डांवर साधारण एक इंच होतो, कारण गोळी तेवढा जास्त वेळ हवेत असते आणि तेवढी जास्त खाली येते. एफ-क्लासच्या ६०० यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ६ इंचांचं असतं, म्हणजे मध्यापासून वर ३ आणि खाली ३. तिथे एकेक इंच महागात पडतो. म्हणजे शंभर यार्डांवर सुरेख दिसणारा लोड सहाशेवर उभा पसरू शकतो, आणि जवळचा कागद त्याचा पत्ताही लागू देत नाही. वेग मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

संख्याशास्त्राचं कारण त्याहून अवघड, कारण ते मनाला पटत नाही. एकसारखेपणा मोजायचा तो प्रमाण विचलनाने, म्हणजे वेगाचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने. समजा, पाच गोळ्या मारल्या आणि विचलन ८ फूट आलं. लोक आनंदाने वहीत लिहून ठेवतात. पण पाच गोळ्यांवरून काढलेल्या ८ चा खरा अर्थ असा: ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की या काडतुसांचं खरं विचलन ५ ते २३ यांच्यामध्ये कुठेतरी आहे. पाच म्हणजे उत्तम, तेवीस म्हणजे फेकून देण्याजोगं. दहा गोळ्यांनी ही खिडकी साडेपाच ते साडेचौदापर्यंत आवळते. तीस गोळ्यांनी साधारण साडेसहा ते पावणेअकरा. तिथे कुठे माणूस काही बोलू शकतो. ग्रुपचं, म्हणजे कागदावरच्या भोकांच्या घोळक्याचंही तेच. एकच रायफल, एकच लोड, पण दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. रायफल बिघडलेली नसते. तिला आपलं खरं रूप दाखवायला सवड मिळालेली असते.

म्हणून मी ठरवलं की प्रत्येक प्रश्नाला दोन्ही बाजूंनी तीस-तीस गोळ्या द्यायच्या. त्याहून कमी नाही. एक काडतूस पाऊण ते एक डॉलरला पडतं आणि .३०८ची बॅरल काही हजार गोळ्या टिकते, त्यामुळे हा खर्च परवडणारा आहे. २०२०-२१च्या टंचाईत प्रायमर मिळत नव्हते तेव्हा हे करणं अवघड होतं; आता दुकानात माल आहे.

पहिला प्रश्न पावडरचा घेतला. मापाने घालायचं यंत्र साधं असतं: दांडा फिरवला की ठरलेल्या आकाराची खोबण भरते आणि केसमध्ये रिकामी होते. पण व्हारगेट ही बारीक नळकांड्यांच्या आकाराची पावडर आहे. मापट्यात पोहे कधी दाटून बसतात, कधी पोकळ राहतात, तसं तिचं होतं. दुसरी पद्धत तोलायची. माझ्याकडचा काटा ०.०२ ग्रेनपर्यंत दाखवतो, म्हणजे व्हारगेटच्या जेमतेम एका दाण्यापर्यंत. मापाने टाकलेल्या पावडरीचे नमुने आधी त्याच काट्यावर एकेक करून तोलले. विचलन आलं ०.१८ ग्रेन. आणि लोड ठरवताना वजन चढवत नेलं होतं तेव्हाच्या नोंदींवरून माझ्या रायफलीत ०.१ ग्रेनला साडेपाच फुटांच्या आसपास वेग बदलतो हेही माहीत होतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

काडतुसं भरून झाली तेव्हा बाबांशी फोनवर बोलणं झालं. बाबांनी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढली. १८६९ पासूनचा कारखाना तो; आमच्या लहानपणी त्याच्या भोंग्यावर घरातली कामं चालायची. मी त्यांना तीस-तीसचा बेत सांगितला. आकडा त्यांनी मान्य केला, पण पुढचा प्रश्न टाकला, “अगं, पण उचलणार कशा? पेटीतल्या वरच्या तीस घेऊ नकोस. सकाळी भरलेला माल आणि संध्याकाळी भरलेला माल एक नसतो. सगळ्या मिसळ आणि मग घे.”

“मिसळते. आणि आधी कोणत्या मारू?”

“आधी-नंतर काही नाही. एक ही, एक ती.”

हे मी कामावर रोज करते, तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर बरं वाटलं. बॅरल तापते, काजळी बसते, ऊन चढतं, खांदा दमतो. आधी सगळ्या तोललेल्या मारल्या आणि मग सगळ्या मापाच्या, तर दुसऱ्या तिशीला या सगळ्याचं ओझं वाहावं लागतं आणि दोष मात्र पावडरीवर जातो. आलटून-पालटून मारलं की ते ओझं दोघींना सारखं वाटलं जातं.

आणखी एक काळजी घेतली. कोणतं काडतूस कुठलं आहे हे मारताना मला कळता कामा नये. क्लबातल्या एका निवृत्त टूलमेकर गृहस्थांनी माझ्या दोन्ही पेट्या घेतल्या, केसांच्या बुडावर लाल आणि निळी खूण केली आणि लाल म्हणजे कोणती हे स्वतःच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं. ‘तोललेलं आहे’ हे माहीत असलं की मी घोडा नकळत जास्त हळुवार दाबणार, असं मला वाटतं. सगळ्यांचंच तसं होत असणार.

रेंजवर गेले तेव्हा वारा नव्हता. बेंचवर पुढे स्टँड, मागे वाळूची पिशवी, रायफल त्यावर. या चाचणीत टेकू आणि झोपणं मुद्दाम टाळलं. माझी स्वतःची चूक जितकी कमी मिसळेल तितकं बरं. वेग मोजायला रडारवर चालणारा छोटा क्रोनोग्राफ, गार्मिनचा. २०२३च्या अखेरीस हा आला आणि आमच्या छंदाचं रूप बदललं असं मी म्हणेन. आधी बहुतेकांना गोळी प्रकाशाच्या पडद्यांवरून न्यावी लागायची. ढग आला की आकडे हलायचे, आणि पडदे मांडायला समोरच्या मोकळ्या जागेत जावं लागायचं म्हणून सगळ्यांचं मारणं थांबवावं लागायचं. आता हाताच्या तळव्यावर मावणारी डबी बेंचवर ठेवली की झालं. तीस गोळ्यांची चाचणी एका माणसाला आरामात जमते ती यामुळेच.

रेंजची शिस्त आपल्या जागी होतीच. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि वरून कानपट्टे. रेंज थंड झाली, म्हणजे सगळ्यांचं मारणं थांबलं, की बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) पिवळं निशाण, आणि रायफलीला कुणी हात लावायचा नाही. लक्ष्याचे कागद बदलायला जाताना मागे वळून सगळी निशाणं मोजायची मला सवय आहे.

साफ केलेल्या बॅरलच्या पहिल्या काही गोळ्यांचा वेग पुढच्यांशी जुळत नाही, म्हणून जुनी काडतुसं मारून बॅरल काजळवून घेतली. मग एक लाल, एक निळी. चेंबरमध्ये काडतूस घातलं की ठरावीक वेळात मारायचं. तापलेल्या चेंबरमध्ये ते बसून राहिलं की पावडर गरम होते आणि वेग वाढतो. व्हारगेट तापमानाला पुष्कळ दाद देत नाही, हीच तिची ख्याती आहे, पण चेंबरची उष्णता हवेच्या उष्णतेपेक्षा वेगळी गोष्ट. दर थोड्या गोळ्यांनी थांबायचं, बोल्ट उघडा ठेवून बॅरल हाताला सोसेल इतकी निवू द्यायची. हे थांबणंच सगळ्यात कंटाळवाणं. शेजारच्या बेंचवरचा तरुण तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारून भराभर कागद बदलत होता, आणि माझा अजून निम्मा डबाही संपला नव्हता.

आकडे बघायचा मोह फार होतो. मधल्या एका टप्प्यावर निळ्या गोळ्या सलग पाच अशा आल्या की सर्वांत जलद आणि सर्वांत संथ यांच्यात अवघा ९ फुटांचा फरक. कुणालाही वाटलं असतं, सापडलं! पुढच्याच काही निळ्यांत एक १८ फूट वर गेली आणि एक बरीच खाली. त्या पाचांवर थांबले असते तर ती पाच किती सुंदर होती हेच सांगत बसले असते.

संपल्यावर गृहस्थांनी खिशातली चिठ्ठी उघडली. लाल म्हणजे तोललेली. तोललेल्या तीसांचं विचलन ९.२ फूट, मापाच्या तीसांचं १४.१. सरासरी वेग दोन्हींचा जवळजवळ सारखा. तीस-तीस गोळ्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता वीसात एकाहून कमी असते, म्हणून हा फरक मी खरा मानते. आणि शंभर यार्डांवरचे कागद? दोन्हींत भोकांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर एक-तृतीयांश इंच. कागदावरून लाल कोणती आणि निळी कोणती हे कुणालाच ओळखता आलं नसतं.

आता ते दोन आकडे काढते. मापाच्या पावडरीचं विचलन ०.१८ ग्रेन, ०.१ ग्रेनला साडेपाच फूट. म्हणजे एकट्या मापाच्या गडबडीमुळे ९.९ फुटांचं विचलन यायला हवं. बाकी सगळ्या कारणांचं मिळून ९.२ आहेच, ते तोललेल्यांनी दाखवलं. पण ही दोन विचलनं सरळ मिळवायची नसतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारख्या जुळतात आणि एकूण चूक म्हणजे कर्ण. ९.२ चा वर्ग, अधिक ९.९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: साडेतेरा. क्रोनोग्राफने दाखवलं १४.१. घरच्या टेबलावर काट्याने सांगितलेली गोष्ट आणि रेंजवर रडारने सांगितलेली गोष्ट एकमेकींना इतकी भेटली, याचा मला झालेला आनंद मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही. रात्री पुन्हा वही काढून ती बेरीज करून पाहिली.

हा त्रिकोणच माझ्या मते काडतुसं भरणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावा. मोठी बाजू आखूड केली की कर्ण चांगलाच आखूड होतो. छोटी बाजू पार पुसून टाकली तरी कर्णाला फारसं कळत नाही. समजा, उरलेल्या ९.२ मध्ये एखाद्या कारणाचा वाटा ३ फुटांचा आहे. ते कारण महिनाभर राबून शून्यावर आणलं, तर विचलन होईल ८.७. अर्ध्या फुटाची कमाई, आणि तीस गोळ्यांत ती दिसणारही नाही. आमच्या छंदातल्या निम्म्या विधींचं हेच आहे असा माझा दाट संशय होता, म्हणून दुसरा प्रश्न केसांच्या वजनाचा घेतला.

एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या केसा. निम्म्या वजनाप्रमाणे चाळून अगदी अरुंद पट्ट्यातल्या ठेवल्या, निम्म्या जशा हाताला लागल्या तशा. पावडर दोन्हींत तोललेली. पुन्हा रंग, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा आलटून-पालटून. निवडलेल्या केसांचं विचलन ९.६, न निवडलेल्यांचं ९.१. म्हणजे निवडलेल्याच किंचित वाईट, आणि तोही योगायोगच. केसांच्या वजनाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसा मिसळल्या तर आतली जागाच वेगळी असते आणि वेग बदलतो. पण एका लॉटमधल्या चांगल्या केसा तोलत बसण्यात माझ्या उपयोगाचं काही निघालं नाही. ते काम मी बंद केलं आहे. क्लबात हे सांगितलं तेव्हा दोघा-तिघांना रुचलं नाही. त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत त्यात आहे, ते मी समजू शकते. पण त्यांनी हवं तर तीस-तीस मारून मला खोटं ठरवावं. मी मनापासून म्हणते, कारण मग मलाही ते काम पुन्हा सुरू करता येईल.

‘शिडी’बद्दलही लिहायला हवं, कारण नव्या माणसांना सगळ्यात आधी तीच शिकवली जाते. पावडर थोडी थोडी वाढवत एकेक काडतूस भरायचं, ओळीने मारायचं, आणि वेग जिथे वाढायचा थांबल्यासारखा वाटतो ती ‘सपाट जागा’ शोधायची. तिथे म्हणे पावडरीतला छोटा फरक चालून जातो. मी हीच शिडी, तीच वजनं, लागोपाठ दोनदा मारली. दोन्ही वेळा सपाट जागा सापडली. पहिल्यांदा मधल्या पायऱ्यांवर, दुसऱ्यांदा पार वरच्या टोकाशी. जिथे एकेका गोळीचा वेग आपला आपणच नऊ-दहा फूट इकडेतिकडे होतो, तिथे एकेक गोळीच्या रेषेत कुठे ना कुठे सपाटी दिसणारच. दोन्ही शिड्यांची सरासरी काढली तर रेषा बरीच सरळ चढत गेली. शिडीचा उपयोग आहे, आणि तो महत्त्वाचा आहे: दाब वाढल्याच्या खुणा कुठे दिसू लागतात हे सावधपणे कळतं. त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नये.

राहता राहिलं ६०० यार्ड, कारण शेवटी गुण तिथे मिळतात. माझ्या रायफलीचा आणि माझा मिळून स्वतःचा उभा पसारा तिथे दीड इंचाच्या विचलनाचा आहे. शंभर यार्डांच्या कागदांवरून तो काढता येतो. त्यात तोललेल्या पावडरीच्या वेगाचा सुमारे ०.९ इंच मिळवला, पुन्हा त्रिकोणाने, तर एकूण १.८. मापाच्या पावडरीचा १.४ मिळवला तर २.१. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहाच्या वर्तुळाच्या वर-खाली निसटणाऱ्या गोळ्या मोजल्या तर शंभरातल्या पाच-सहांचा फरक पडतो, म्हणजे वीस गोळ्यांच्या फेरीत साधारण एक गुण. आमच्या सामन्यांत एका गुणाने क्रमांक बदलतात. म्हणून मी तोलते, आणि आता का तोलते हे मला माहीत आहे.

मात्र याच अंतरावर ताशी एक मैलाच्या आडव्या वाऱ्याने माझी गोळी सुमारे तीन इंच सरकते. वारा चार मैलांचा आहे की पाच, हे गवताच्या हालचालीवरून आणि दुर्बिणीतल्या मृगजळावरून ओळखायचं असतं. त्रिकोणाची ही बाजू बाकी सगळ्यांपेक्षा लांब आहे. केसा तोलण्यातून वाचलेल्या संध्याकाळी मी आता रेंजवर झेंड्यांकडे बघत घालवते: आधी वहीत अंदाज लिहायचा, मग वाऱ्याच्या यंत्राने मोजायचं, आणि दोन्हींतल्या फरकाचं विचलन काढायचं. तेही तीस नोंदींचं.

काडतुसांपुरता एक प्रश्न मात्र अजून उघडा आहे. केसचं तोंड पुन्हा पुन्हा दाबून आणि फुगून पितळ कडक होत जातं, आणि गोळीवरची पकड बदलते. काही लोक दर वेळी तोंड ज्योतीवर तापवून ते मऊ करून घेतात. हे खरंच दिसण्याइतकं काही करतं का, हे नव्या केसांवर तपासून उपयोग नाही. म्हणून एका लॉटमधल्या केसांचे दोन भाग केले आहेत. एक दर वेळी तापवते, दुसरा कधीच नाही. दोन्ही भाग सामन्यांत सारखेच वापरले जातात आणि प्रत्येक डब्यावर किती वेळा भरलं त्याची नोंद आहे. पाचव्या-सहाव्या वापरानंतर त्यांची तीस-तीसची चाचणी लावेन. चिठ्ठी ठेवायला गृहस्थ तयार आहेतच.